आग्नेसशेजारचा खडक

बेहरेन्ड्सांच्या दफनभूमीत नवरा-बायकोला शेजारी शेजारी झोपता येत नाही. जो आधी गेला तो आधी. त्याच्या डाव्या अंगाला त्याच्यामागून गेलेला, मग तो भाऊ असो, नणंद असो, नाहीतर दोन उन्हाळे शेळ्यांची लोकर कातरायला आलेला कुणी परका. हे घराणं जर्मनीहून टेक्सासच्या या माळावर आलं, त्या पहिल्याच हिवाळ्यात तीन आठवड्यांत सात माणसं तापानं गेली. कुणाला कुठं ठेवायचं हे ठरवण्याइतकं त्राण मागं राहिलेल्यांत नव्हतं. चुनखडीच्या खडकात जिथं पुरुषभर माती सापडली, तिथून त्यांनी खणायला सुरुवात केली आणि ओळीनं खणत गेले. पुढं त्राण आलं, घरं उभी राहिली, शेळ्या वाढल्या, दफनभूमीला कमरेएवढी दगडी भिंत आणि लोखंडी फाटक आलं, तरी ओळ तीच राहिली.

ती ओळ सांभाळायचं काम चाळीस वर्षं आल्विन बेहरेन्ड्सकडे होतं. जागा तोच मोजायचा, सळई ठोकून माती तोच बघायचा, आणि एखाद्या विधवेनं नवऱ्याशेजारची जागा मागितली तर नाही म्हणायचं कामही त्याचंच. मंगळवारी पहाटे आल्विन स्वतःच गेला.

त्याची मुलगी टिल्डे रविवारीच सॅन अंतोनियोहून आली होती. एक्कावन्न वर्षांची, बिनलग्नाची, तिथल्या एका ग्रंथालयात पुस्तकांच्या याद्या करण्यात पंचवीस वर्षं घालवलेली. रविवारी संध्याकाळी इस्पितळात बापानं डोळे उघडले, तिला ओळखलं आणि म्हणाला, "टिल्डे, ओळ मोडू नकोस."

"नाही मोडत, पप्पा. झोपा आता."

ती म्हणायचं म्हणून म्हणाली. ओळ मोडायची हे तिनं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. तिची आई आग्नेस तेवीस वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर या माणसानं एकदाही दोघांपेक्षा कमी बटाटे उकडले नाहीत. एकाचे रात्री खायचा, दुसऱ्याचे सकाळी तळायचा. अशा माणसाला त्याच्या बायकोपासून चौदा माणसं पलीकडं नेऊन ठेवायचं, आणि ते का, तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही माणसं दमली होती म्हणून! मरताना माणूस जन्मभराची सवय बोलतो, त्याचं मन बोलत नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

बुधवारी सकाळी तिनं आत्याकडं विषय काढला. मेटाआत्या बापाची धाकटी बहीण, एक्क्याऐंशी वर्षांची, अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी. शुक्रवारी दफन झाल्यावर सगळ्यांना कॉफी आणि केक द्यायचा, म्हणून ती सकाळपासून पिठात हात घालून उभी होती.

"पप्पांना आईशेजारी ठेवायचं," टिल्डे म्हणाली.

आत्याचे हात थांबले नाहीत. "आणि मला कुणाशेजारी ठेवणार? माझं तर लग्नच झालं नाही. मला त्या बेकरीवाल्याशेजारी ठेव. तो निदान एकदा विचारायला तरी आला होता."

"आत्या, मी थट्टा करत नाहीये."

"मग मी करतेय का? ओळ म्हणजे ओळ. शेवटचा कोण गेला? हिल्मार. हिल्मारच्या डावीकडं आल्विन. आल्विनच्या डावीकडं मी. जमीन कोरडी आहे तोवर उरकून टाकेन म्हणते."

"पण आईच्या डावीकडं जागा रिकामी आहे. ती आणि तिच्यामागून गेलेली हुल्डामावशी, दोघींच्या मध्ये."

"रिकामी कुठली? खडक आहे तिथं."

आत्यानं एप्रनला हात पुसले आणि कपाटातून आल्विनची वही काढली. शाळकरी वहीच्या दोन पानांवर दफनभूमीचा नकाशा होता. पट्टीनं आखलेले चौकोन, चौकोनात नाव आणि तारीख. आग्नेसच्या शेजारच्या चौकोनात नाव नव्हतं. तिथं आल्विनच्या सरळ, उभ्या अक्षरात लिहिलं होतं: खडक.

"हुल्डा गेली तेव्हा सापडला. दीड फुटावर," आत्या म्हणाली. "तुझ्या बापानं स्वतः सळई मारून बघितली आणि एक जागा सोडून पुढं खणायला घेतलं. हक्काच्या बायकोशेजारी खडक निघाला, पण त्यानं हूं की चूं केलं नाही. हिल्मारसारखा नव्हता तो."

हिल्मारकाकाची गोष्ट टिल्डेनं लहानपणापासून नाही, पण तरुणपणापासून शंभरदा ऐकली होती. आत्या ती तरीही सांगणारच होती.

"सेल्मा गेली तेव्हा हिल्मार टोपी हातात घेऊन उभा राहिला. म्हणे, बायकोशेजारची जागा माझ्यासाठी ठेव. सख्खा भाऊ! आल्विन म्हणाला, ओळ कुणासाठी थांबत नाही. संपलं. दोन वर्षांनी तुझी आई गेली, ती सेल्माशेजारी गेली. आणि त्यानंतर हिल्मार जो रुसला, तो रुसलाच. बावीस वर्षं भावाशी बोलला नाही. गेल्या ऑक्टोबरात मेला तेव्हाच त्याचा रुसवा सुटला. जमिनीवरून, पाण्यावरून भांडलेले भाऊ मी पाहिलेत. कबरीच्या जागेवरून रुसलेला माणूस हा एकच. मी तेव्हापासून त्याच्या घरचा घास खाल्ला नाही."

"खडक फोडता येतो, आत्या. रस्त्याच्या कामावर आता यंत्रं आहेत."

"हुल्डाच्या उशाशी यंत्र लावणार? तिच्या कवळीचे दात वाजतील गं."

"किती जाड आहे ते तरी बघते."

"बघ की. सळई शेडमध्ये आहे. हाताला फोड येतील, तेवढीच तुझी कमाई."

दुपारी टिल्डे सळई खांद्यावर आणि हातोडा हातात घेऊन माळ चढून गेली. फेब्रुवारी असला तरी ऊन चांगलं होतं. भिंतीच्या दगडांत सरडे अंग शेकत पडले होते. आतलं गवत बापानं नाताळाआधी काढलं होतं; त्यानंतर कुणी काढलं नव्हतं. आईच्या दगडावर नाव होतं, दोन तारखा होत्या आणि एवढंच होतं. टिल्डेनं दगडाला हात लावला, मग डावीकडं दोन पावलं सरकली आणि सळई जमिनीत रोवून तिच्यावर भार दिला.

दीड फुटावर सळई थांबेल म्हणून तिनं गुडघे वाकवून ठेवले होते. सळई थांबली नाही. दोन फूट गेली, तीन गेली. हातोड्याचे चार घाव घातल्यावर चार फुटांची खूण मातीत गेली.

नेमका भेगेत घाव पडला असेल, असं म्हणून तिनं सळई उपटली आणि वीतभर अंतरावर पुन्हा ठोकली. मग पायथ्याशी ठोकली. मग हुल्डामावशीच्या बाजूला. पाच भोकं पाडून झाल्यावर ती थांबली. या माळावर कुठंही पहार मारली की ठिणगी उडते. इथं मात्र ओली, काळसर, चांगली माती होती, अख्ख्या दफनभूमीतली कदाचित सगळ्यात चांगली.

बाप खोटं बोलताना तिनं कधी पाहिला नव्हता. तालुक्याच्या जत्रेत सगळ्यात वजनदार बोकडाचा बिल्ला त्याच्या बोकडाला मिळाला, तेव्हा वजनाआधी बोकड बादलीभर पाणी प्याला होता, हे उठून सांगणारा माणूस तो. आणि बावीस वर्षं त्यानं ही एक जागा एका शब्दाखाली झाकून ठेवली होती. पहिल्यांदा टिल्डेच्या मनात आनंदच आला. म्हणजे त्यालाही इथंच यायचं होतं. मग सेल्माकाकूच्या दगडाकडं तिचं लक्ष गेलं. तो आईच्या उजव्या हाताला, चार पावलांवर होता. टोपी हातात घेऊन उभा असलेला माणूस तिला दिसला आणि आनंद होता तिथंच विरला.

"लागला का खडक?"

भिंतीपलीकडं एगॉन उभा होता, हिल्मारकाकाचा मुलगा. पंचावन्नचा, बापासारखेच कान पुढं आलेले. त्याच्या ट्रकमध्ये पहार, टिकाव आणि दोन फावडी होती. घरातल्या माणसाची कबर घरच्यांनी खणायची, हेही इथलंच. आणि आता खणण्याजोगा पुरुष घराण्यात तोच उरला होता.

"चार फूट गेली," ती म्हणाली.

"पाच पण जाईल. तुझ्यात दम असेल तर सहा."

"तुला माहीत होतं?"

"आमच्या म्हाताऱ्याला माहीत होतं." एगॉन फाटक उघडून आत आला आणि भिंतीवर बसला. "मला त्यानं गेल्या उन्हाळ्यात सांगितलं. तेसुद्धा शेळ्यांना जंताचं औषध पाजताना. मी शेळीचा जबडा धरून उभा, आणि हा सांगतोय. हुल्डामावशीची कबर दोघा भावांनी मिळून खणली, ते तुला ठाऊक आहे?"

"नाही."

"दोघांनीच. तुझ्या पप्पांनी इथं सळई मारली, म्हणाले, खडक आहे, पुढं घेऊ. आमच्या म्हाताऱ्यानं सळई बाजूला ठेवावी म्हणून उचलली. तर तिला चार फुटांपर्यंत ओली माती चिकटलेली. त्यानं तिच्याकडं बघितलं, भावाकडं बघितलं. काका बुटांकडं बघत होते. मग दोघांनी मिळून पुढची कबर अख्खी खणली. म्हातारा घरी आला. मला म्हणाला, त्यानंतर बोलायचं काही शिल्लकच राहिलं नाही."

"मग कुणाला सांगितलं का नाही? सगळे त्यालाच नावं ठेवत होते."

"मी पण तेच विचारलं. तर म्हणतो, सळई माझ्या हातात असती तर मी पण खडकच म्हटलं असतं. जागा ठेवली याचा राग नाही. मला नाही म्हणताना त्याची पापणी हलली नाही, त्याचा राग आहे. आणि मग मला म्हणाला, जबडा नीट धर, औषध सांडतंय."

ओढ्याकडून शेळ्यांच्या घंटा ऐकू येत होत्या.

"पप्पांना कळलं होतं का? हिल्मारकाकानं बघितलं, हे?"

"न कळायला काय झालं? पण एकदाच विचारलं त्यांनी. ऑक्टोबरात, आमच्या म्हाताऱ्याला पुरून सगळे कॉफीला गेले, तेव्हा काका मागं थांबले. हिल्मारनं तुला काही सांगितलं होतं का, म्हणाले. मी हो म्हटलं. मग त्या फाटकाला धरून उभे राहिले. मला वाटलं, पडतात की काय. म्हटलं, काका, घरी सोडतो. तर म्हणाले, हिल्मारच्या डावीकडं खाली काही लागत नाही ना, ते एकदा सवडीनं बघून ठेव."

"बघितलंस?"

"बघितलं. साफ आहे."

टिल्डे आईच्या दगडाशेजारी खाली बसली. रविवारचं ते वाक्य तिला पुन्हा ऐकू आलं, आणि आता ते सवयीचं वाटेना. चाळीस वर्षं ओळ सांभाळणारा माणूस ते बोलला नव्हता. ती एकदा मोडलेला माणूस बोलला होता.

एगॉननं तिचं बसणं वेगळ्या अर्थानं घेतलं. "हे बघ, तू म्हणशील तिथं खणतो. इथं म्हणालीस तर इथं. आत्याला सांगू, खडक म्हणजे नुसता पापुद्रा होता, पहारीनं उचकटला. ती काय बघायला येतेय? तिचे गुडघे तिला माळ चढू देतायत होय?"

"आणि तुला चालेल?"

"मला?" त्यानं कानामागं खाजवलं. "माझी आई ती इथं. बाप तो तिथं. मध्ये चौदा जण. मला सवय झाली. तुझं मन राहत असेल तर माझं काय जातंय?"

हे तो मनापासून म्हणत होता. टिल्डेला तेच जड गेलं. तो चिडला असता तर तिनं भांडून ही जागा घेतली असती. आता एक होकार दिला की बाप आईशेजारी येणार होता, कुणाला कळणार नव्हतं, आणि ज्याला सगळ्यात जास्त बोलायचा हक्क होता तोच फावडं घेऊन तयार होता. तिनं गवत उपटायला सुरुवात केली, आईच्या दगडाभोवतीचं, मग त्या रिकाम्या जागेवरचं. एगॉननं घाई केली नाही. त्यानं थर्मास उघडला, झाकणात कॉफी ओतून तिच्याकडं सरकवली आणि स्वतः थर्मासातूनच प्याला.

ही जागा तुमचीच आहे, पप्पा, असं म्हणून ती त्यांना इथं ठेवू शकत होती. पण ती त्यांनी परत केली होती. चार महिन्यांपूर्वी, त्या फाटकाशी उभं राहून, कुणी मागितलेली नसताना. तिला कितीही वाटलं तरी त्यांनी परत केलेली वस्तू त्यांच्या हातात पुन्हा कोंबणं हे तिचं काम नव्हतं. तिला फार वाटत होतं, हे मात्र खरं. गवत संपल्यावरही तिचे हात मातीवरून फिरत राहिले.

"हिल्मारकाकाशेजारी खण," ती शेवटी म्हणाली.

"नक्की? नंतर मन बदललंस तर मी परत खणणार नाही. पाठ गेलीय माझी."

"नक्की. दुसरं फावडं मला दे."

"तू खणणार? ग्रंथालयवाली?"

"पाठ तुझी गेलीय, माझी नाही."

ओळीच्या टोकाला, भिंतीच्या सावलीत, दोघांनी मिळून खणलं. वरचे दोन फूट सोपे गेले. पुढं दगडगोटे लागले. एगॉन पहारीनं सैल करायचा आणि टिल्डे उचलून टाकायची. गुरुवारी दुपारी ते पुन्हा आले आणि कडा सरळ केल्या. खड्ड्यातून बाहेर येताना टिल्डे एकदा काठावर डोकं टेकून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. एगॉननं पाठ फिरवली आणि टिकावाच्या दांड्याला पाचर ठोकत बसला. ती नीटच होती, तरी ठोकत बसला.

शुक्रवारी पाद्रीबुवा आले, शेजारपाजारचे आले. प्रत्येकानं तीन मुठी माती टाकली आणि मग पुरुषांनी फावडी घेतली. टिल्डेनंही घेतलं, तेव्हा एक-दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

घरी मेटाआत्यानं टेबलावर साखरेच्या चुऱ्याचा केक, धुरावलेलं सॉसेज, बटाट्याचं सॅलड असं सगळं मांडलं होतं. मला माळावर नेऊ नका म्हणाली होती, आणि आता तिथं काय काय झालं ते प्रत्येकाला विचारत होती. टिल्डे कॉफी ओतत फिरत होती. तिच्या तळहातांना फडकी बांधलेली होती.

"बघा, पाद्रीबुवा," आत्या म्हणाली, "ही शहाणी बापाला आईशेजारी ठेवायला निघाली होती. यंत्र आणणार होती यंत्र! मी म्हटलं, खडक आहे तिथं, तुझ्या बापानं स्वतः बघितलाय. आता पटलं ना गं?"

टिल्डे कप भरत राहिली. पाद्रीबुवा तिच्याकडं बघत होते, आणखीही दोघं-तिघं बघत होते. तिनं तोंड उघडलं तर खरं तेच बाहेर पडेल, असं तिला वाटलं.

"आहे, आत्या," टेबलाच्या पलीकडून एगॉन म्हणाला. "चांगला जाड आहे. मी पहार मारली, तर ठिणग्या उडाल्या."

"घ्या! ऐका!" आत्या खूश झाली. "माझ्या भावानं चाळीस वर्षांत कुणाला वीतभर जागा जास्त दिली नाही. स्वतःलासुद्धा नाही."

"स्वतःलासुद्धा नाही," टिल्डे म्हणाली. तिचा आवाज तिलाच ठीक वाटला.

"आणि एगॉन, तू केक घे. लाजतोस काय? तुझा बाप रुसका होता, त्यात तुझा काय दोष?"

एगॉननं ताटली पुढं केली. तो हसलाही; त्याला हे ऐकायची जन्माची सवय होती. टिल्डेनं किटली टेबलावर ठेवली.

"हिल्मारकाका रुसका नव्हता, आत्या."

"तुला काय ठाऊक? तू सॅन अंतोनियोत होतीस."

"मला ठाऊक आहे. तो रुसका नव्हता. यापुढं या घरात तसं म्हणायचं नाही."

आत्यानं टिल्डेकडं बघितलं, तिच्या हातांवरच्या फडक्यांकडं बघितलं, मग एगॉनकडं. एगॉन ताटलीत बघत होता. आत्याची सुरी केकवर बराच वेळ तशीच अडून राहिली. काय विचारावं हे ती ठरवत होती, आणि विचारावं की नाही, हेसुद्धा.

"बरं," ती म्हणाली. मग तिनं सुरी दोन बोटं सरकवली आणि एगॉनसाठी आधीपेक्षा मोठा तुकडा कापला.